ओळीचा शेवटचा टाका

६ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून तू कपाळावर हात मारून घेशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुझं ऐकून घेत नाही. आजवर आपलं जे काही धड ठरलं ते पत्रांतूनच, कारण पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही.

तर विषय असा. तुझी लेक एप्रिलअखेर बाळंत होणार. तिच्या बाळासाठी क्रोशाचं ब्लँकेट आपण दोघींनी मिळून करायचं. बारा ओळी माझ्या राखाडी, बारा ओळी तुझ्या पिवळ्या, पुन्हा माझ्या, पुन्हा तुझ्या. पार्सल इकडून तिकडे फिरत राहील. पहिला पट्टा मी सुरू केला आहे. सोबत तुझी लोकर आणि सुई पाठवते. तुझ्या घरातली सुई वापरू नकोस. तिने तू चहाच्या पाकिटाला भोक पाडतेस हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता नीट वाच. रुंदी एकशे साठ टाके. ओळ संपली की काम उलटायचं आणि तीन साखळ्या घालायच्या. त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला टाका. आणि ओळीचा शेवटचा टाका आधीच्या ओळीच्या अशाच तीन साखळ्यांच्या डोक्यावर बसतो. तो टाक्यासारखा दिसत नाही. कडेला अंग चोरून उभा असतो, आणि तमाम गबाळ्या बायका नेमका तोच विसरतात. विसरला की कड आत जाते. घाबरून एखादा जास्त घातला की कड बाहेर येते. म्हणून तू प्रत्येक ओळीनंतर मोजायचंस. मी मोजणार नाही. मला ऑफिसात सगळे ‘ओळंबा’ म्हणायचे ते उगाच नाही. चौतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर रेघा मारल्या. भिंत कललेली असेल तर मला जिन्यातूनच कळतं.

आई म्हणायचीच, थोरलीची कड आणि धाकटीची खोड, दोन्ही मोडत नाहीत.

आणि हो, दवाखान्यातून बाळाला घरी मी माझ्या गाडीतून आणणार. तुझ्या लेकीलाही मीच आणलं होतं, तू मागे बसून सगळा रस्ता रडत होतीस. तो मान मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. घाट धरून चार तासांचा तर रस्ता आहे.

कळावे. लोभ आहेच, तो तू मोजून बघू नकोस. टाके मात्र मोज.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आणि लोकर, दोन्ही पोचलं. पत्र वाचताना मी खुर्चीत आपोआप ताठ बसले. साठीची झाले, पण तुझं अक्षर दिसलं की मी चौथीत जाते.

ब्लँकेट करू या. मलाही आवडेल. फक्त एवढं सांगते की गिऱ्हाइकांच्या मध्ये मध्ये विणणार आहे. आमच्या लाँड्रीत सकाळी नऊला जी रांग लागते ती अकराला सरते. मग दोन तास मी नि इस्त्रीवाले. तेवढ्यात तुझ्या बारा ओळी काय, आख्खी सतरंजी होईल. सरळ होईल असं म्हणत नाही, होईल असं म्हणते आहे.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, मावशी सरळ विणणार आणि आई वाकडं, तर बाळ मधल्या भागात ठेवू. पोरीची जीभ कुणावर गेलीय ते तूच ठरव.

गाडीचं मात्र मला नीट पटत नाही. तू एकाहत्तरची. घाटातून एकटीने येण्याऐवजी बसने ये ना. बघ बाई, रागावू नकोस.

माया आहे तशीच असू दे, थोडी सैल विणलीस तरी चालेल.

तुझी,
धाकटी


२८ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

माझ्या बारा ओळी पाठवते आहे. टाके बघ, छापल्यासारखे आलेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

आरशावरून आठवलं. माझ्या गाडीचा डावीकडचा आरसा गेला. आमच्या आवारात फाटकाजवळ एक खांब आहे, तो इतकी वर्षं जागेवर होता. आता बहुतेक रंगकाम करताना बाहेर सरकवला असावा. खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर म्हणाले, खांब सरकवत नसतात. मी म्हटलं, मग आरसा तरी कुठून सरकला?  निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या गाडीत फार रस असतो.

बाकी क्षेम आहे. वर्तमानपत्राची छपाई हल्ली फार वाईट झाली आहे. बातमीचे पहिले शब्दच गायब असतात, अंदाजाने वाचावं लागतं. कामाची शिस्तच राहिली नाही कुणाला.

बसचं पुन्हा काढू नकोस. बाळ पहिल्यांदा घरी जाणार ते कुणाच्या तरी घाईघाईच्या टॅक्सीतून की मावशीआजीच्या गाडीतून, हा काय विचारण्याचा प्रश्न आहे?

आशीर्वाद आहेतच. शेवटचा टाका विसरू नकोस.

ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टा मिळाला. काय देखणे टाके आहेत ग! इस्त्रीवाल्यांना दाखवले, तर त्यांनी हात धुऊन मग हात लावला.

आता एक कबुली. तुझी शेवटची ओळ मी मोजली, एकशे सत्तावन्न भरली. पुन्हा मोजली, एकशे सत्तावन्न. मग एक बाई साडीचा डाग घेऊन भांडायला आल्या. त्या गेल्यावर पुन्हा मोजली, तरी तेवढीच. आता तुझे टाके कमी असणार नाहीत हे उघड आहे, तेव्हा मलाच मोजता येत नाही. लहानपणी बेरजा चुकायच्या त्यांना आता पन्नास वर्षांचा अनुभव आलाय. मी गुपचूप तीन टाके वाढवून एकशे साठ करून घेतले आणि माझ्या बारा ओळी पुऱ्या केल्या. कडेला किंचित फुगवटा आलाय. तुला दिसेलच, तुला काय दिसत नाही?

आणि एवढी मोठी ड्रॉइंगवाली बाई तू, कागद का वाया घालवतेस? मागच्या पत्रात डावीकडे तीन बोटं समास कोरा सोडला होतास आणि उजवीकडे अक्षरं कागदाबाहेर उड्या मारायच्या बेतात. पाकिटात चार पानं आणि मजकूर दोन पानांचा. टपालवाल्यांची कीव येते.

लेकीची तब्येत छान आहे. पाय सुजतात, पण तोंड अजिबात थकत नाही.

रागाला जागा ठेव, पण मायेच्या मागे.

धाकटी


२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझा पट्टा बघून मी फूटपट्टी शोधायला उठले. माझा पट्टा कसा सडसडीत, आणि त्याच्यावर तुझा हा सुटलेल्या पोटासारखा! तू टाके वाढवलेस आणि वर मलाच सांगतेस की कमी होते म्हणून. नाचता येईना अंगण वाकडे. मी आता काही बोलत नाही. पुढच्या बारा ओळी घातल्या आहेत, त्यांच्याकडे बघून तरी सरळ चाल.

माझ्या घराची दुरुस्ती करायला हवी. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट डावीकडून आत आली आहे, सतत खांद्याला लागते. सुतार म्हणाला, चौकट जागेवरच आहे. त्याने ओळंबा लावून दाखवला. मला! कपडे वाळत घालताना दोरीच्या एका टोकाला अजूनही चिमटे आहेत असं कंपाउंडरांची बायको रोज खालून ओरडून सांगते. माणसांना उद्योग नाही.

गाडीचा आरसा नवीन बसवला होता, तो पुन्हा गेला. या वेळी एक मोटारसायकलवाला डावीकडून आभाळातून पडावा तसा आला. त्याला काही झालं नाही, नुसता रस्त्यावर बसून राहिला थोडा वेळ. मी त्याला पाणी दिलं आणि रस्त्यात कसं चालवावं ते समजावून सांगितलं.

तुझ्या पत्रांतली वाक्यं हल्ली मधूनच सुरू होतात. लिहिताना विचार करत जा.

आशीर्वाद, तुला आणि तुझ्या पोटसुट्या पट्ट्यालाही.

ताई


८ मार्च

चि. बाळे,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्यासमोर रडायला लागले असते, आणि या दिवसांत तुला तो ताप नको. लिहिताना रडलं तर निदान आवाज होत नाही.

मावशीचा दुसरा पट्टा आला. मोजला. एकशे साठवर सुरू केलेला, एकशे अठ्ठेचाळीसवर संपला. बारा ओळी, बारा टाके कमी. तरी मला वाटलं की मीच चुकतेय. म्हणून शनिवारी ब्लँकेट घेऊन कोपऱ्यावरच्या लोकरवालीकडे गेले. तिची दुकानातली तीस वर्षं लोकांच्या चुका उसवण्यात गेलीत. म्हटलं, मला जरा मोजायला शिकवा.

तिने काउंटरवर पसरलं, चष्मा लावला, मोजलं. म्हणाली, तुमची मोजणी बरोबर आहे. मग कडेवरून बोट फिरवत म्हणाली, ही राखाडी विणणारी बाई शिकाऊ नाही. शिकाऊ बाई कधी टाका सोडते, कधी वाढवते, कधी सैल, कधी घट्ट. हिचे टाके एका मापाचे आहेत. फक्त प्रत्येक ओळीचा शेवटचा तेवढा नाही. उजव्या हाताने विणणाऱ्याची ओळ डावीकडे संपते, मग काम उलटतं, पुढची ओळही डावीकडेच संपते. म्हणून दोन्ही कडा सारख्या आत गेल्यात. मग चष्मा काढून तिने मला विचारलं, यांना डावीकडचं दिसतं का?

तिच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं म्हणे. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची आणि ते सासूवर चिडायचे की भाजी वाढलीच नाही. डोळे ठणठणीत होते. डोक्यात कुठेतरी बारीकशी गुठळी अडकून गेली होती, कुणाला कळलंही नव्हतं. त्यांना तर नाहीच.

मी तिथेच स्टुलावर बसले. कोरा समास, चौकट, चिमटे, आरसा, तो मोटारसायकलवाला. सगळं माझ्याजवळ पत्रांत लिहिलेलं होतं. आणि मी महिनाभर टाके वाढवत बसले.

घरी येऊन फोन केला. डोळे तपासून घे एवढंच म्हटलं, तर मलाच चष्मा बदलायला सांगून तिने फोन ठेवला. तिला कसं पटवायचं? आयुष्यभर तिने मला सरळ केलं. मी तिला वाकडी म्हणू? आणि ती गाडी घेऊन घाटातून येणार म्हणते आहे, बाळे. तुझं बाळ मागच्या सीटवर घेऊन घरी जायला.

आधी खात्री करून घेते. उद्या तिला साधंसं पत्र लिहिणार आहे आणि डावीकडच्या समासात एक ओळ उभी लिहून ठेवणार आहे. तिला ती दिसली तर मी मूर्ख ठरेन, आणि मला आयुष्यात इतकं मूर्ख ठरावंसं कधी वाटलं नव्हतं.

पाय वर घेऊन बस. माझी काळजी करू नकोस, ती मीच करते.

तुझी,
आई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पट्टा मिळाला. माझ्या ओळी चालू आहेत, थोड्या दिवसांत पाठवते.

इकडे विशेष काही नाही. काल एक गृहस्थ कोट न्यायला आले आणि पावती हरवली म्हणाले. कोट कसा होता विचारलं तर म्हणाले, कोटासारखा. शेवटी दोऱ्याच्या रंगावरून शोधला. आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आत रंगीत दोरा बांधतो, माणूस विसरला तरी दोरा विसरत नाही. पंचवीस वर्षांत माझी एवढीच काय ती शिस्त.

तुला बरं असेल अशी आशा करते. पत्राचं उत्तर लगेच पाठव, एरवीसारखं शिकवायला नाही, नुसतं उत्तर.

ओढ तीच आहे, वाढली तर माझ्याकडूनच.

धाकटी

(डाव्या समासात, उभ्या ओळीत :) ताई, ही ओळ दिसली तर उत्तरात फक्त ‘दिसली’ एवढंच लिही. दुसरं काही लिहू नकोस.


१६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लगेच उत्तर पाठव म्हणतेस आणि पत्रात विचारलेलं काहीच नाही. मग उत्तर कशाचं पाठवू? कोटाचं?

तुला शिकवू नको म्हणतेस तर नाही शिकवत. फक्त एवढंच की कडेचा टाका. आणि अक्षर. आणि माझ्या डोळ्यांविषयी फोनवर जे म्हणालीस ते. मला चार इमारतींपलीकडची पाटी वाचता येते. कंपाउंडरांनाही परवा गच्चीवरून वाचून दाखवली. ते तू सांगितलंस म्हणून आले होते की स्वतःहून, ते मला कळलं नाही. दोघांना निरोप एकच, माझे डोळे माझ्याकडे आहेत.

गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतलं. चाकं, ब्रेक, सगळं. मेकॅनिक विचारत होता, डावा दरवाजा इतका कशाने चेपला. मला तर तो चेपलेला दिसलाच नव्हता.

तुझ्या लेकीला सांग, बाळाला गुंडाळून तयार ठेवा, मी दारात हॉर्न देईन.

लोभ आहे. पोट सावर, ब्लँकेटचं.

ताई


२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज विनोद नाही. हे पत्र वाचताना डाव्या हाताचं बोट कागदाच्या डाव्या कडेवर ठेव आणि प्रत्येक ओळ बोटापासून वाच. माझ्यासाठी एवढं कर. बोट ठेवलंस का?

मागच्या पत्रात मी तुला डाव्या समासात एक ओळ लिहिली होती. ती तुला दिसली नाही. ते पत्र शोध आणि असंच बोट ठेवून बघ.

तुझा पट्टा खरंच कमी होता. पहिल्यात तीन, दुसऱ्यात बारा. मी तीनदा मोजूनही माझाच हिशेब चुकला असं धरून चालले, कारण वाकडं काही निघालं की ते माझंच, हे आपल्या घरात कधीच ठरून गेलं होतं. तू ओळंबा, मी गबाळी. मला ते आवडायचंही, ताई. गबाळ्या माणसाला कुणी काही मागत नाही. पण त्या आळसापायी मी दीड महिना गप्प बसले आणि त्या दीड महिन्यात तू गाडी चालवलीस. त्या मोटारसायकलवाल्याच्या जागी कुणी लहान मूल असतं तर? मला झोप लागत नाही. राग तुझा नाही, माझाच येतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. डॉक्टरवरही आत्ता ठेवू नकोस. मापावर ठेव. सोबत ब्लँकेट पाठवते. माझी शेवटची पिवळी ओळ टेबलावर पसर आणि नुसत्या डोळ्यांनी मोज, आकडा लिहून ठेव. मग तीच ओळ बोटाने प्रत्येक टाक्याला हात लावत, दोन्ही टोकांना मी बांधलेल्या लाल दोऱ्यापासून लाल दोऱ्यापर्यंत मोज. तोही आकडा लिही. लाल दोरे लाँड्रीतले आहेत. दोन्ही आकडे सारखे निघाले, तर घाटातून ये, मी तुझ्या गाडीत पुढे बसेन आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

नाही निघाले, तर तोवर किल्लीला हात लावू नकोस. तुझ्या पाया पडते.

रविवारी मी तुझ्याकडे पोचते आहे, तू बोलाव वा न बोलाव.

तुझीच,
धाकटी


२६ मार्च

चि. धाकटीस,

डोळ्यांनी १४१.
बोटाने १६०.

तीनदा केलं. एकाच रेघेची दोन मापं येत नसतात. आली तर रेघ बरोबर असते आणि मोजणारा चुकलेला असतो. हे मी चौतीस वर्षं नव्या मुलांना शिकवलं.

किल्ली ब्लँकेटच्या घडीत आहे. पार्सल बांधून दारात ठेवलं आहे.

रविवारी येताना घाई करू नकोस. मी कुठे जात नाही.

ताई


१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला डॉक्टरांना दाखवून परत आल्यापासून इथे काही सुचत नाही. काउंटरवर एकाचा शर्ट दुसऱ्याला दिला. तो दुसरा आनंदाने घेऊन गेला, एवढा चांगला शर्ट होता.

पार्सल माझ्याकडे आहे. किल्ली मी चहाच्या डब्यात ठेवली आहे, त्या भोक पाडायच्या सुईशेजारी. तू कधी मागितलीस तर तुला ती सुईच मिळेल.

तू म्हणालीस, ब्लँकेट सगळं उसवू आणि पहिल्यापासून नीट करू. लेकीला विचारलं. ती म्हणाली, एका टाक्याला हात लावाल तर मी बाळच देणार नाही. तेव्हा उसवणं रद्द. पण या नागमोडी कडेचं काय करायचं ते तूच सांग. तुझा सल्ला मागते आहे, तारीख लिहून ठेव.

डॉक्टरांनी सांगितलेला डावीकडे मान वळवायचा सराव करतेस ना? एकदा तरी शहाण्यासारखं ऐक.

मायेची मागणी नेहमीचीच, या वेळी जरा जास्त.

धाकटी


२२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला डॉक्टरांचं आणखी एकदा सांगते, कारण तू सोबत होतीस तेव्हा मी नीट ऐकलं नव्हतं, नुसतीच चिडले होते; परवा पुन्हा जाऊन नीट ऐकून आले. डोळे चांगले आहेत. डोक्यात मागे एक बारीक झटका येऊन गेला, माझी परवानगी न घेता. डावीकडचं चित्र आत पोचत नाही आणि पोचत नाही हेही मला कळत नव्हतं. गेलेलं परत येईलच असं नाही. गोळ्यांनी पुढचा झटका बहुतेक टळेल. गाडी नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, किल्ली बहिणीच्या चहाच्या डब्यात आहे, उगाच शब्द वाया घालवू नका.

उपाय काय दिला माहीत आहे? प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि लाल दिसेपर्यंत मान वळवायची. ताटाच्या डावीकडे लाल, दाराच्या चौकटीला लाल, दोरीच्या टोकाला लाल. म्हणजे तुझ्या लाँड्रीचाच दोरा. एवढं शिकायला त्यांना दहा वर्षं लागली म्हणे. चौकटीला लाल पट्टी लावायला सुतारालाच बोलावलं. त्याने पट्टी चिकटवली. मीच म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडे. कंपाउंडरांना बोलावून सांगितलं की खांब जागेवरच होता. ते इतके संकोचले की त्यांनीच माफी मागितली. त्या मोटारसायकलवाल्याचं नाव मात्र मला माहीत नाही. त्याला मी चालवायला शिकवलं होतं. हे रोज एकदा आठवतं, आणि आठवायलाच हवं.

आता कडेचं. ब्लँकेट तुझ्याकडेच राहू दे, मी तिकडे आले की विणायला घेऊ. कड जिथे आत गेली आहे तिथे उंच टाके घालायचे, जिथे तुझं पोट आहे तिथे बुटके, आणि मधे उतरत्या मापाचे. बाहेरची रेघ सरळ येईल. मी कागदावर आकृती काढली आहे, प्रत्येक टाक्याची उंची लिहून. आतले पट्टे वाकडेच राहतील, ते राहू देत. काठाला लोकर लाल घे, दुसरा कुठलाही रंग नको. विणीन मी. मोजशील तू. प्रत्येक ओळ. मी कितीही चिडले तरी.

बाळाच्या आधी पोचावं म्हणून सोमवारच्या बसचं आरक्षण केलं आहे, उजवीकडची खिडकी. दवाखान्यातून घरी जाताना गाडी जावईबापू चालवतील. मी मागे बसेन, आणि बाळाला माझ्या उजव्या हाताला द्या. डावीकडे तू बस. या वेळी तुला रडायचं असेल तर रड, मला निम्मंच दिसेल.

कालपासून जानेवारीपासूनची तुझी सगळी पत्रं काढून बसले आहे. लाल पट्टी कडेला ठेवून पहिल्यापासून वाचली. वाक्यं मधून सुरू होत नाहीत. उलट तू बरीच विनोदी लिहितेस. माझ्या पट्ट्यात टाके कमी भरतात हे तू फेब्रुवारीतच लिहिलं होतंस, तेही मी तेव्हा वाचलं होतं आणि तुझीच चूक धरली होती. तिथे पट्टी लावायची सोय नव्हती.

तू गबाळी नाहीस. हे मी कुणासमोर बोलणार नाही, म्हणून लिहून देते. जपून ठेव.

आशीर्वाद आणि लोभ, दोन्ही काठोकाठ.

तुझी,
ताई

(डाव्या समासात, लाल पेन्सिलीने, उभ्या ओळीत :) दिसली.